आपलाच आहे, थांबेल

वाहिगुया गावच्या बाजारामागे रसमाने कफान्दोचं केस कापायचं दुकान होतं, आणि त्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून लासिना पारेचं निम्मं आयुष्य गेलं. वर पत्र्याचं छप्पर, आत मोडक्या ट्रकमधून काढलेली सीट हीच खुर्ची, आणि दारावर पाटी. पाटीवर सहा डोकी रंगवलेली, एकेका डोक्याची केशरचना अशी की बघत राहावं. त्यातली एकही रसमानेने आजवर कुणाला करून दिली नव्हती. मागितली की म्हणायचा, "ते चित्र आहे रे. तुझं डोकं कुठे तसलं आहे?"

त्याचं काम वाईट होतं असं नाही. हात चांगला होता, पण माणूस मुलखाचा आळशी. एक डोकं झालं की शेगडीवर चहा ठेवायचा. त्यांच्याकडचा चहा म्हणजे तीन फेऱ्यांचा, पहिली कडू, दुसरी बरी, तिसरी गोड, आणि तिन्ही होईस्तोवर वस्तऱ्याला हात लावायचा नाही. रेडिओवर फुटबॉल लागला की अर्धं डोकं तसंच ठेवून बाहेर यायचा. आणि जकात नाक्याचे साहेब मोटारसायकलवरून उतरले, की बाकावर कोण कधीपासून बसलंय हे त्याला अजिबात दिसेनासं व्हायचं.

लासिना रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली पंक्चर काढायचा. तो अगदी उलट. सायकल ढकलत येणारा माणूस लांबून दिसला की ह्याचा हात सोल्युशनच्या डब्यात गेलेला असायचा. लोकांना ताटकळत ठेवणं म्हणजे त्यांच्या ताटातलं उचलून खाणं, असं तो म्हणायचा. मग हा माणूस दर महिन्याला रसमानेच्याच बाकावर का जाऊन बसायचा? बाजारात दुसरे न्हावी काय मेले होते?

त्याचं असं की लासिना सामो जमातीचा आणि रसमाने मोसी जमातीचा. सामो आणि मोसी यांचं थट्टेचं नातं, पूर्वजांनी लावून दिलेलं. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, कुत्र्याचं मुंडकं कुणी चोरलं असल्या जुन्या थट्टेवरून भांडायचं, सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या ताटातला मटणाचा तुकडा पळवायचा, मयताची वाट अडवून बसायचं. आणि रागवायचं मात्र नाही. जो रागावला त्याची छी थू. त्यामुळे रस्त्यापलीकडेच आपला मोसी न्हावी असताना लासिनाने परक्यापुढे डोकं धरलं असतं, तर सगळ्या वाहिगुयाने त्याला हसून हसून पळवलं असतं.

"रसमाने, माझा नंबर कधीचा झालाय."

"कोण बोललं? बाकाला वाचा फुटली वाटतं."

"पोटात काही नाही रे सकाळपासून."

"गुलामाला कसली घाई? तुझ्या आज्यापासून तुमचा सगळा वेळ आमच्याकडे गहाण पडलाय. बस गप." मग तो बाकीच्यांकडे वळून समजावून सांगायचा, "बघा, परक्याला थांबवलं की तो उठून जातो. आपला कुठे जाणार? म्हणून परक्याला आधी, आपल्याला मागून."

बाकावरचे सगळे हसायचे. लासिनाही हसायचा. दुसरं काय करणार?

दुकानाच्या दाराशी रसमानेची आई भुईमुगाच्या शेंगा भाजत बसायची. नाव सलमाता, पण सगळा बाजार तिला याबा, म्हणजे आजी म्हणायचा. तीच एक होती जिला लासिनाची दया यायची. मूठभर गरम शेंगा त्याच्या ओंजळीत टाकून म्हणायची, "खा गुलामा, खा. माझा पोरगा तुला उपाशी मारणार आणि पाप माझ्या माथी यायचं." तिच्या तोंडचं गुलाम ऐकून लासिनाला खरोखर बरं वाटायचं.

हे असंच चाललं असतं. पण लासिनाला लग्नानंतर फार वर्षांनी मुलगा झाला, आणि त्याचं बारसं आलं.

बारसं सातव्या दिवशी, सकाळी. वस्तरा बाळाच्या जावळाला लागायचा आणि त्याच क्षणी इमामाने बाळाच्या कानात नाव सांगायचं, अशी रीत. न्हाव्याला आधी कोला फळ देऊन बोलावतात, आणि एकाला कोला दिलं की त्या जावळाला दुसऱ्याचा वस्तरा चालत नाही, अपशकुन होतो. कोला अर्थातच रसमानेला गेलेलं. नाव ठेवायचं होतं बाकारी, लासिनाच्या बापाचं. म्हातारा त्यासाठी तुगानकडच्या खेड्यातून धान्याच्या ट्रकवर बसून आला होता. घरी बायको आजारी, गुरं शेजाऱ्यावर सोडलेली. तोच ट्रक दुपारी परत जाणार, आणि पुढचा ट्रक थेट पुढच्या बाजाराच्या दिवशी.

म्हातारा धुतलेला अंगरखा घालून चटईवर बसला. इमाम आले. बकरा बांधलेला. रसमानेचा पत्ता नाही. लासिनाने निरोपावर निरोप धाडले, आणि प्रत्येक निरोपाला उत्तर एकच, आलोच. ऊन चढलं. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. म्हातारा उठला, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "असू दे रे. नाव काय, ते ठेवलंच जाईल. मी पुढच्या खेपेला ऐकेन." आणि गेला.

ट्रकचा धुरळा खाली बसायच्या आत रसमाने डुलत डुलत आला. वस्तऱ्याची पिशवी काखेत.

"काय रे, जावळ उडून गेलं का? सगळे असे काय बसलेत? गुलामाच्या पोराला नाव नसलं तरी चालतं, हाक मारायची ती 'ए' म्हणून मारतात."

मंडळी हसली. रीतच ती. आणि लासिना, ज्याचा बाप नुकता पाठ फिरवून गेला होता, तोही हसला. त्या पावसाळ्यात म्हातारा तापाने गेला. पुढची खेप आलीच नाही. आपलं नाव नातवाच्या कानात पडलेलं त्याने ऐकलं नाही ते नाहीच.

लासिनाला रसमानेचा राग होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःच्या त्या हसण्याचा होता. ते हसू हाडासारखं त्याच्या घशात अडकून बसलं. डूख धरलेला साप निदान बिळात जाऊन पडतो. हा दर महिन्याला जाऊन त्याच बाकावर बसायचा, त्याच थट्टेला हसायचा, आणि आरशात रसमानेचा चेहरा बघत मनात म्हणायचा, थांब लेका, तुझीही वेळ येईल. लोकांना वाटलं हा विसरला.

याबाला मात्र वाटलं नाही. एकदा शेंगा देताना ती म्हणाली, "तू मनात काहीतरी धरून बसलायस."

"नाही, याबा."

"मला शिकवू नकोस. राग असेल तर माझ्या पोराला मनसोक्त शिव्या घाल, देवाने सामो त्यासाठीच घडवलेत. आतल्या आत ठेवू नकोस, नासतं ते." मग म्हणाली, "आणि ऐक. मी गेले की माझी वाट अडवायला यायचं. नीट अडव. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारी फुकट गेली, तिला अडवणारं कोणी नव्हतं."

"येईन," लासिना म्हणाला. खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्याला आपली वेळ कुठली ते कळलं. म्हातारी प्रेमाने सांगत होती आणि ह्याच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं.

याबा गेली ती ऐन उन्हाळ्यात, जेव्हा वाहिगुयात कोंबड्यासुद्धा सावली सोडत नाहीत. बाकारी तोवर शाळेत जाऊ लागला होता.

बातमी कळताच गावातले सगळे सामो जमले आणि आपल्या कामाला लागले. लासिनाची बायको मिनाता याबाचा रुमाल डोक्याला गुंडाळून, याबासारखी कमरेत वाकून, रडायला आलेल्या बायकांना शेंगा विकायला बसली. वर मापात मारून भांडूही लागली. रडता रडता बायकांना हसू आवरेना. म्हातारा झेर्बो, सामोंमधला सगळ्यात वडील, दारात आडवा पडला आणि म्हणाला, माझी गुलाम कुठे नेताय? रसमानेने डोळे पुसत त्याला कोला दिलं, तो कुरकुरत उठला. सगळं कसं जिथल्या तिथे चाललं होतं. म्हातारीच्या मनासारखं.

कबरस्तानात मात्र तिरडी खाली ठेवली आणि लासिनाने खड्ड्यात उडी मारली. हात उशाशी घेऊन लांब पसरला.

"जागा छान आहे. मी आधी आलोय, माझा नंबर."

लोक खो खो हसले. हेही नवीन नव्हतं, सामो उतरतातच. रसमानेने वरून कोला टाकलं, मग एक कोंबडी दाखवली. लासिनाने कोला खिशात घातलं आणि डोळे मिटले.

"चहा ठेवा."

खड्डा खणणाऱ्यांची शेगडी होती. हसत हसत कुणीतरी ठेवला. पहिली फेरी आली, लासिनाने खड्ड्यात बसून सावकाश भुरके मारले. दुसरी ठेवा म्हणाला.

"ऊठ की रे," रसमाने वरून म्हणाला. दात दिसत होते. "आई वाट बघतेय."

"गुलामाच्या आईला कसली घाई? तुमचा वेळ आमच्याकडे गहाण आहे." लासिनाने मान वर केली. "जकातीचे साहेब आलेत का? आले असतील तर सांगा, त्यांना आधी घेतो. परक्याला आधी."

साहेब आलेच होते. ते आपल्या बुटांकडे बघू लागले. हसणारे आता थोडेच उरले. दुकानाच्या बाकावर बसणारे जे होते, त्यांना ही वाक्यं कुठली ते बरोबर कळलं.

लासिनाला खालून माणसांचे फक्त पाय दिसत होते आणि वर रसमानेचं तोंड. ते तोंड अजून हसत होतं. ओठ फाकलेले, डोळे भलतीकडेच. हे हसू लासिनाने ओळखलं, ते त्याचंच होतं, बारशाच्या दिवसाचं. त्याच्या काळजाला असा गारवा मिळाला की वाटलं, इथेच झोप लागावी. मधूनमधून रसमानेचे पाय एकेक पाऊल बाजूला सरकत होते. चुळबुळतोय, लासिना मनात म्हणाला. चुळबूळ. मी नाही का चुळबुळलो?

इमामांनी उन्हाकडे बघितलं. झेर्बो म्हातारा काठी टेकत कडेला आला. "पोरा, कोला घेतलंस ना? झालं मग. वर ये."

"तिसरी फेरी व्हायचीय."

"लासिना, याबाला ऊन लागतंय."

"माझ्या बापालाही लागत होतं."

त्यावर कुणी हसलं नाही. झेर्बो मागे सरकला. मग रसमाने खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"बारशाचं आहे हे."

लासिनाने खिशातलं कोला चाचपलं.

"साहेबांची दाढी होती. मग त्यांच्या भावाची निघाली. तुझा बाप बसलाय हे मला माहीत होतं. आई दोनदा येऊन ओरडून गेली. मी म्हटलं, आपलाच आहे, थांबेल."

हे ऐकायला लासिना इतकी वर्षं जीव धरून बसला होता. "मग आता तू थांब," तो म्हणाला.

"थांबलो. खूप थांबलो. आता ऊठ."

"थट्टा चाललीय रे. थट्टेत असं तोंड करतात का?" लासिना उठून बसला. "नाहीतर म्हण सगळ्यांसमोर, ही थट्टा नव्हे. म्हण, मी रागावलो. मग उठतो."

त्या मुलखात मोसीने सामोला हे म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. रसमाने उभा राहिला. आवाज न चढवता, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही थट्टा नव्हे, लासिना पारे. मी रागावलोय."

लासिना जिंकला होता. अंगावरची माती झटकत तो वर आला आणि मग त्याने पाहिलं. तिरडी उघड्यावर होती, आसपास झाड नव्हतं. रसमाने तिच्या उशाशी अशा बेताने उभा होता की त्याची सावली आईच्या तोंडावर पडावी. ऊन सरकेल तसा तो सरकत होता. मघापासूनची ती पावलं त्याचीच. लासिनाला एकदम गरम शेंगांचा वास आठवला. वाईट वाटलं त्याला, फार वाईट वाटलं. पण उगाच खोटं कशाला सांगा, पस्तावा काही झाला नाही. बापाचं उट्टं निघालं होतं.

महिना झाला, डोकं वाढलं. लासिना मुद्दाम ताठ मानेने दुकानात गेला. बाक भरलेला. रसमानेने त्याला पाहिलं, खुर्चीतल्या अर्धे केस कापलेल्या माणसाला उठवलं, खुर्ची फडक्याने पुसली.

"या, पारेसाहेब. बसा."

नवं पातं काढलं. पाणी कोमट करून आणलं. एक शब्द न बोलता असं सुरेख डोकं केलं की पाटीवरच्या सहांनी लाजावं. शेगडीवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत लासिना रस्त्यावर.

"एवढ्यात आलास?" मिनाता म्हणाली. "बरं झालं की. सुधारला म्हणायचा."

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात लासिना हट्टाने बाकावर बसला. "आधी ह्यांचं होऊ दे. मी थांबतो."

"छे, तुम्हाला कसं थांबवू?"

"गुलामा," लासिना म्हणाला, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, "तुझी कात्री तुझ्या अकलेइतकीच बोथट झालीय."

बाकावरच्यांनी हसायला तोंड उघडलं आणि रसमानेकडे बघून मिटलं. रसमानेने कात्री निरखून पाहिली. "काही चुकलं असेल तर माफ करा, साहेब," असं म्हणून दुसरी घेतली. लासिनाने घरी येऊन मिनाताला सांगितलं, मेला सूड घेतोय. मिनाता म्हणाली, वेळेवर केस कापले हा कसला सूड? त्याला सांगता येईना. मग तो आपल्या झाडाखाली बसून पलीकडे बघायचा. बाकावर एखादा सामो गाडीवान ताटकळत असायचा, रसमाने त्याच्या आज्याचा उद्धार करत असायचा, आणि हसण्याचा आवाज रस्ता ओलांडून यायचा.

लासिनाची आई, जी बापामागे त्याच्याकडे येऊन राहिली होती, ती त्याच साली गेली.

त्याने मोसी शेजाऱ्यांकडे निरोप स्वतः पाठवले. सगळे आले. रसमाने तर सगळ्यांच्या आधी आला, पांढरे कपडे घालून, धान्याचं पोतं घेऊन. रीतीप्रमाणे दुःख बोलून दाखवलं आणि पुरुषांच्या रांगेत मान खाली घालून बसला. लासिनाने तिरडी बांधायला मुद्दाम वेळ लावला. दारात कुणी आडवं पडलं नाही. म्हातारीचा रुमाल गुंडाळून कुणी बायकांना हसवलं नाही. वाटेत तो दोनदा मागे वळून बघत राहिला. लोक शिस्तीने चालत होते, परक्याच्या मयताला चालतात तसे.

खड्ड्याशी पोचल्यावर तो म्हणाला, "जरा थांबा."

"का?" झेर्बोने विचारलं.

"थांबा जरा."

तो रसमानेकडे बघत राहिला. खड्डा मोकळाच होता, कडेची माती ओली होती. झेर्बोला कळलं, त्याने नजर दुसरीकडे वळवली. रसमाने पुढे आला. लासिना खड्ड्यापासून बाजूला सरकला. रसमानेने तिरडीच्या दांड्याला हात घातला आणि अगदी आदराने, हळू आवाजात म्हणाला, "ऊन फार आहे, पारेसाहेब. तुम्हाला उशीर नको व्हायला."

त्याने स्वतः खांदा दिला, स्वतः खाली उतरून म्हातारीला नीट ठेवलं, पहिली माती सारली. दुपारच्या नमाजाला अजून बराच अवकाश होता, त्याच्या आत सगळं आटोपून लोक घरी गेले.